जाताना पाय पुसायची गल्ली

थांबा, थांबा! बसकडे पळू नका. आधी पाय पुसायचे.

इथे, या लोखंडी पट्टीवर. जगात सगळीकडे माणसं आत येताना पाय पुसतात. मघाशी तुम्ही तसेच धूळ घेऊन गल्लीत शिरलात, मी काही बोलले का? नाही ना? या ब्रिक रोमध्ये, म्हणजे विटांच्या गल्लीत, येताना कसेही या. जाताना मात्र पाय पुसल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. महापौर पुसतो, पोस्टमन पुसतो. ह्यांची इथल्या कारखान्यात नोकरी होती म्हणून मी आले, हे गेल्यावरही इथेच राहिले, आणि बाजाराला निघाले तरी पुसते. आता हसताय ते बरं आहे. इथे कट्ट्यावर टेका, ड्रायव्हरला यायला वेळ आहे. कुमुद खांबेटे सांगत्येय म्हणजे खरंच असेल असं नाही. जसं सांगतात तसं सांगते.

हे कॉर्डर्स बेंड तसं लहानसं गाव. शहर म्हणायचं ते अमेरिकेत सगळ्यालाच शहर म्हणतात म्हणून. आपल्याकडचं तालुक्याचं गाव याच्याहून मोठं असतं. पण इथली ही जुनी गल्ली शहराने जिवापाड जपली आहे. खिडकीचा रंग बदलायचा तरी समितीपुढे उभं राहावं लागतं. कोपऱ्यावर पितळी पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय, वास्तुशैलीच्या दृष्टीने महत्त्वाची घरं. असतील बापडी. पण शहराचा कायदा काल-परवाचा. गल्लीचा कायदा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो डावीकडचा विटांचा ढीग बघितलात, गवत उगवलेला? तिथे घर होतं, वादळात पडलं. विटा उचलून न्यायला किती जण आले, जुन्या विटांना काय कमी मागणी असते! गल्लीने एक तुकडा हलवू दिला नाही. घर पडलं तरी गल्लीतच पडून राहिलं.

हे का, ते माझ्या शेजारच्या हेडविगने मला सांगितलं. ती आता नाही. तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं.

इथे आधी काही नव्हतं म्हणे. ही ऑटर नदी आणि तिचं हे वळण. वळणावर मातीचा उंच काठ होता, नदीला आवरून धरणारा. तिथे जर्मनीतून वीटवाली कुटुंबं आली. त्यांच्यात माथियास होल्झर म्हणून मुख्य कारागीर, त्याची बायको आग्नेस आणि त्यांची एकुलती एक पोर क्लारा. काठाची माती बघून माथियास खूश झाला. लोण्यासारखी माती, खडा औषधाला नाही. त्यांनी काठ खणायला घेतला. चिखल तुडवायचा, साच्यात भरायचा, वीट वाळवायची, भट्टीत भाजायची. काठ खाली खाली गेला आणि त्याच मातीची ही घरं वर वर आली. म्हणजे बघा, जो काठ नदीला अडवायचा, त्याच्याच भिंती करून माणसं त्यांच्याआड राहायला लागली.

आता त्या लोकांची एक रीत होती. नदीची माती घेतली की प्रत्येक हंगामातली पहिली वीट भाजायची नाही. कच्चीच नदीला परत द्यायची. आपण उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करतो का? तसंच. कच्ची वीट पाण्यात पडली की विरघळते, तिची परत माती होते, नदीला तिचं मिळतं. माथियासच्या बापाने पाळलं, आजाने पाळलं. पण एका वर्षी कामाची घाई झाली. होडीवाले मालासाठी खोळंबलेले, भट्टी पेटवायची होती. माथियास म्हणाला, “एका विटेने काय होतंय!” आणि पहिली वीट त्याने बाकीच्यांबरोबर भट्टीत लावली. आग्नेस बोलली म्हणतात, की असं करू नका. पण भट्टी पेटली की पेटली. भाजलेली वीट पुन्हा माती होत नाही.

त्या वसंतात नदी वर आली. पाऊस नव्हता, वारा नव्हता. वरच्या अंगाच्या गावांत पाणी जिथल्या तिथे होतं. हेडविग सांगायची, पूर आला असता तर माणसं घाबरली नसती, पूर माहितीचा असतो. हे पाणी वाहतच नव्हतं. सकाळी गल्लीत आलं आणि उभं राहिलं. आवाज नाही, फेस नाही. भिंतीवर विटेमागून वीट चढत होतं, कुणीतरी मोजून घेत असावं तसं.

गल्लीतली माणसं टेकडीवर पळाली. होल्झर पळू शकले नाहीत, कारण वर माडीवर क्लारा तापाने फणफणलेली होती. तिला हलवलं तर वाटेतच जाईल असं वैद्याने सांगितलेलं. माथियासला आपली चूक कळली होती. वेड्यासारखा तो भट्टीतल्या विटा आणून पाण्यात फेकत सुटला. घे, म्हणे, तुझ्या घे. त्या विटा बुडाल्या आणि म्हणे थोड्या वेळाने त्याच्याच पायऱ्यांवर परत येऊन बसल्या, एकीला एक लागून, ओळीने. नदीला विटा नको होत्या. तिला माती हवी होती, आणि माती आता कुठून आणणार?

पाणी जिन्याला लागलं तेव्हा आग्नेस खाली उतरली. कमरेएवढ्या पाण्यात, आपल्या उंबऱ्यात उभी राहिली. वर लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. नदीला ती मोठ्याने म्हणाली, “तुझं घेतलं ते आम्ही भाजलं. परत करता येत नाही. पण ते तुझ्या डोळ्यांसमोर राहील. या गल्लीतला एक कणसुद्धा आम्ही बाहेर जाऊ देणार नाही. माझी पोर मला ठेव. आणि यातलं काही कुणी बाहेर नेलं, तर जो नेईल तो तुझा.”

जो नेईल तो तुझा. बोलून गेली बाई! आई होती, पोर वर मरत होती, ती काय शब्द पारखून बोलणार? पण पाणी ऐकून घेतं.

तिन्हीसांजेला पाणी उतरलं. क्लाराचा तापही उतरला. त्या पाण्याची रेघ तिच्या घराच्या भिंतीवर आहे, मघाशी मी दाखवली, तुम्ही फोटो काढत होतात.

तेव्हापासून या पट्ट्या आल्या. लोहाराने गल्लीच्या दोन्ही टोकांना ठोकल्या. विटांची धूळ तळव्याला चिकटते, ती पुसून मग बाहेर. गाड्यांची चाकं झाडत, घोड्यांचे खूर झाडत. कुणी घर पाडलं नाही, कुणी वाढवलं नाही, पडकी भिंत पुन्हा त्याच विटांनी उभी केली. नदी गप्प राहिली. आणि आग्नेस सगळ्यांत कडक. नुसती पट्टीवर पाय फिरवून पळणाऱ्याला हाताला धरून परत आणायची. माझ्यासारखीच खाष्ट, असं हेडविग मला तोंडावर म्हणायची.

क्लारा मोठी झाली. त्या तापातून वाचली, पण तिचे पाय कायमचे गार राहिले. भर उन्हाळ्यातसुद्धा बर्फासारखे. तेव्हा थंडीत अंथरुणात वीट घ्यायची पद्धत होती. चुलीजवळ तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि पायाशी ठेवायची. आग्नेस रोज संध्याकाळी लेकीसाठी वीट तापवायची. आपल्या जुन्या फ्लॅनेलच्या परकराचा तुकडा काढून तिने त्या विटेला अंगडं शिवलं होतं. वर्षानुवर्षं पाय लागून विटेच्या कडा गोल झाल्या होत्या.

मग क्लाराचं लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडचा, सफरचंदाच्या बागा असलेला, चांगला होता. मार्चमधला दिवस होता, दुपारची वेळ, पण थंडी मी म्हणत होती. वऱ्हाड गल्लीच्या टोकाशी आलं. सगळ्यांनी पाय पुसले. नवरीने हसत हसत पुसले, नवऱ्याला पुसायला लावले. आग्नेसने ट्रंक उलटी करून तिचा तळ ब्रशने झाडला. चाकं झाडली. स्वतः, कुणावर विसंबली नाही. क्लारा गाडीत चढली, आईने तिच्यावर घोंगडी घातली, आणि पायाशी ती फडक्यातली ऊब सारली. म्हणाली, “पाय हलवू नकोस हं, पोहोचेपर्यंत पुरेल.”

अहो, असे “आई गं” म्हणू नका, मलाही ऐकताना तसंच झालं होतं. मी हेडविगला म्हटलं, एवढी कडक बाई, तिच्या लक्षात कसं आलं नाही? तर ती म्हणाली, तिला ती वीट वाटतच नव्हती. विटा भिंतीत असतात. हे अंथरूण होतं. तेव्हा मला पटलं. आपण पाट्याला कधी दगड म्हणतो का? देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला पितळ म्हणतो? रोज हातातली वस्तू, तिची मूळ जात माणूस विसरतो. आणि तिथे उभी असलेली सगळी माणसं जन्मभर विटा पाडणारी. त्यांच्यातल्या एकालाही ती वीट दिसली नाही.

तेव्हा पूल नव्हता, तराफ्यावरून गाडी न्यायची. आग्नेस आपल्या दारात उभी राहून रुमाल हलवत होती. नदी तव्यासारखी सपाट होती. तराफा मध्यावर गेला आणि थांबला. दोर तुटला नाही, लाट उठली नाही. पाण्यात म्हैस बसते तसा तो नुसता खाली बसला. घोडे पोहून आले. नावाडी आला. नवरा दोनदा बुडी मारून आला, रिकाम्या हातांनी. क्लारा वर आलीच नाही.

किनाऱ्यावर गलका झाला. धूळ राहिली का कुणाच्या पायाला, चाकं नीट झाडली होती ना, अशी माणसं एकमेकांवर ओरडायला लागली. आग्नेस दारातून धावत तिथे आली. मग तिने आपल्या हातांकडे बघितलं. हात अजून ऊन होते. “वीट,” एवढंच ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

क्लारा सापडली नाही. खाली मैलोन्‌मैल शोधलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आग्नेसने दार उघडलं, तर पायरीवर ती वीट होती. फ्लॅनेलचं अंगडं तसंच, टाके तसेच. आग्नेसने उचलून बघितली. कोरडी होती. आणि सांगतात की कोमट होती.

माथियास ती फेकायला उठला. तिने फेकू दिली नाही. स्वतः चुना कालवला, दाराशेजारची एक वीट काढली आणि त्या जागी ही बसवली. काढलेली वीट घरातच ठेवली, बाहेर नेली नाही. पुढे कितीतरी वर्षं ती जगली. गल्ली सोडून कधी गेली नाही. रोज संध्याकाळी दारात उभी राहून त्या विटेवर तळहात ठेवायची. लोक विचारायचे, काय बघतेस? ती म्हणायची, “पोरीचे पाय उबेत आहेत का, ते बघते.”

संपलं. एवढीच गोष्ट.

आजही ती वीट तिथे आहे. सगळी भिंत काटकोनी विटांची, आणि दाराशेजारी ही एकच गोल कडांची. भिंत उत्तरेची, ऊन कधी लागत नाही. मी हात लावून बघितलाय का? लावलाय. दर हिवाळ्यात लावते. कोमट लागते. माझी लेक टेक्सासहून फोनवर हसते, म्हणते, “आई, तू इंजिनियरची बायको, आणि हे काय!” मी म्हणते, हो गं बाई, खरं आहे तुझं. आणि तिच्याकडे जायला निघते तेव्हा बॅगची चाकं ओल्या फडक्याने दोनदा पुसते. तिच्या घरात लहान मूल आहे.

काय हो मराठे, कुठे निघालात? ढिगाकडे? बरं, जाऊन या. बाकीच्यांनी तिकडे बघू नका. शोकेसमध्ये ठेवायला एखादा तुकडा माणूस घेतो कधी कधी, मलाही दिसतं, पण आधी बोललं तर कुणी ऐकत नाही. आलात? ठेवलात जागेवर? खिसाही उलटा करून झटका. लाजायचं काय त्यात.

चला, आता ओळीने या. पुलावरून जायचंय, आणि नदी आज जरा वर आहे. टाचा नीट पुसा, तिथेच जास्त राहते.