जड झालेली फळी

एकदा एका खाडीच्या तोंडाशी एक म्हातारा होडीसुतार राहत होता. उतारवयात त्याला एक शिष्य मिळाला. शिष्य म्हणजे कोवळं पोर नव्हे, चाळिशी उलटलेला, टक्कल पडू लागलेला खलाशी. मासे मिळेनासे झाले म्हणून आला.

म्हातारा म्हणाला, "या वयात शिकणार?"

"आबा, या वयात तुम्ही शिकवणार ना?"

आबांना उत्तर आवडलं. ठेवून घेतलं.

पण शिकवायचं कशावर? लाकडाच्या होड्या गेल्या. आता साच्यातून काढलेल्या होड्या येतात, बादलीसारख्या. त्यांना सुतार लागत नाही, तेल लागत नाही, माया तर नाहीच नाही. तीन वर्षांत आबांच्या मांडवात नवी होडी उभी राहिली नव्हती. दोघं जुनी वल्ही तासत बसत आणि कोणाची होडी कशी पळायची ते आठवत.

अशात एक शेट सर्फबोर्ड घेऊन आला. सर्फबोर्ड म्हणजे लाटेवर उभं राहायची लांब फळी. वरून फायबरचं कातडं, आत पावासारखा फोम. कोण्या परदेशी प्रवाशाने जाताजाता विकलेली, आधीच वापरलेली. शेट तरुणपणी तिच्यावरच शिकला होता. पुढे पोट सुटलं, धंदा वाढला, फळी माळ्यावर गेली. आता ती पिवळी पडली होती, कडेला चिरली होती.

"किनाऱ्यावर पाहुण्यांना उतरायला नवीन जागा काढतोय," शेट म्हणाला. "दहा दिवसांनी उद्घाटन. त्या दिवशी मला हिच्यावर उभं राहायचंय. जमवलंत, तर पाहुण्यांच्या सगळ्या फळ्यांचं काम तुमच्याकडे."

शेट गेल्यावर आबा शिष्याला म्हणाले, "हे काम तुझं. मी बोट लावणार नाही. साधलंस तर मांडव तुझ्या हाती देतो."

शिष्य त्या चिरांकडे पाहत बसला, आणि त्याला बाप आठवला. होडी बरेच महिने किनाऱ्यावर कोरडी राहिली की फळ्या आकसत, सांध्यांतून उजेड दिसे. मग बाप तिला खाडीत बुडवी, आत दगड भरून. दोन भरत्या. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि फटी आपसूक मिटत. बाप काठावर विडी ओढत बसे आणि म्हणे, "पिऊ दे तिला. तहानली आहे." किती वर्षांत तसं कोणी केलं नव्हतं!

त्याने शेटची फळी खाडीत नेली, दोरीने खुंटाला बांधली, वर दगड ठेवले. दोन भरत्या काठावर बसून राहिला. इतक्या सुखात तो कित्येक दिवसांत बसला नव्हता.

काढायला गेला, तर चिरा होत्या तशाच. आणि आणताना एका काखेत आलेली फळी आता दोन्ही हातांनी उचलेना.

पाणी आत शिरलं, हे त्याला कळलं. पण आबांना सांगायचं कोणत्या तोंडाने? त्याने ती वरून पुसली, चिरांवर फायबर चढवलं, रोज घासलं, पॉलिश मारलं. फळी अशी चकाकली की तिच्यात टक्कल दिसावं.

दहाव्या दिवशी शेट आला. बघतच राहिला. "वा! ही माझीच का?"

आबांनी पुढे होऊन फळीचं एक टोक उचललं. खाली ठेवलं. मग खुंटीवरचं गिरमिट काढलं आणि सगळ्यात सुंदर सांधलेल्या जागेवर टेकवून गरागरा फिरवलं. भोक पडलं.

"अहो म्हातारबुवा, वेड लागलं काय?" शेट ओरडला. शिष्याने मान खाली घातली.

आबांनी फळी कुशीवर केली. भोकातून पाणी आलं. आधी थेंब, मग बारीक धार. शिळ्या खाडीचा वास सुटला.

"हिला असंच उन्हात नेलं असतं तर आतलं पाणी तापून कातडं सुटलं असतं," आबा म्हणाले. "आणि लाटेवर ही दगडासारखी बसली असती, शेट, तुमच्यासकट."

शिष्याने मान वर केली. "शेट, मी भिजवली. होडी भिजवतात तशी."

"मग आज उद्घाटनाला मी काय दाखवू? भोक?" शेट तणतणत निघून गेला.

"गेलं काम," शिष्य म्हणाला. "मांडवही गेला. आबा, मी मूर्ख."

"मूर्ख कशाला? लाकूड पाणी पिऊन मिटतं, हा फोम पाणी पिऊन सडतो, हे तुला मी शिकवलं होतं का? भिजवलंस ती चूक नव्हे मेल्या, ती तुझ्या बापाची आठवण होती. मला विचारलं असतंस तर मीही येऊन काठावर बसलो असतो, तेवढंच बरं वाटलं असतं, आणि फळी घरीच ठेवली असती. पण जड लागली तेव्हा बोलला नाहीस. पॉलिश मारलंस. ते मात्र मला आवडलं नाही."

शिष्याने आणखी दोन भोकं पाडली, फळी सावलीत टोकावर उभी केली. कोणी विचारलं तर "मी भिजवली" असं स्वतःच सांगे. लोक हसत. तोही हसू लागला. रोज सकाळी उचलून बघे. पंचविसाव्या दिवशी ती एका काखेत आली. मग त्याने भोकं बुजवली आणि स्वतः शेटकडे पोचवली.

शेट तिला न्याहाळत राहिला. डागडुजीचे ठिपके साफ दिसत होते. मग ती घेऊन पाण्यात उतरला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा उभा राहिला आणि पोट सावरत, लहान मुलासारखा ओरडत काठापर्यंत आला.

"बाकीच्या फळ्या उद्या पाठवतो," धापा टाकत तो म्हणाला. "पण बुडवू नका हो."

शिष्य परतला तेव्हा आबा मांडवाबाहेर दगडावर बसले होते. आत त्यांची बसायची जागा रिकामी होती.

"आबा, आत चला ना."

"तू बस," आबा म्हणाले. "मला इथून खाडी दिसते."